कोणालाही सांगू नका

एकतीस वर्षं सरकारी छापखान्यात
मी दुसऱ्यांच्या चुका वाचल्या.
उलटा पडलेला ण, हरवलेला अनुस्वार,
कुण्या तलाठ्याच्या बदलीत सुटलेली वेलांटी.
आता ही काचेची खिडकी म्हणते,
खालची वाकडी अक्षरं ओळखा
आणि सिद्ध करा की तुम्ही यंत्र नाही.
करते सिद्ध.
चुकलं, म्हणते. पुन्हा.

पासवर्डात एक मोठं अक्षर हवं,
एक आकडा, एक चिन्ह,
मागचे पाच चालणार नाहीत.
आमच्याकडे मोठं अक्षर नसतंच हो,
सगळी एकाच दोरीवर
वाळत घातलेली.

बरं, तेही जमवलं.
मग ती सहा आकडे पाठवते
माझ्या नंबरावर,
जो माझा राहिला नाही.
बहिणीच्या दुखण्यात चार महिने पवनीला होते,
रिचार्ज राहून गेलं,
कंपनीनं नंबर उचलला, दुसऱ्याला देऊन टाकला.
नवा नोंदवायचा?
अवश्य. जुन्यावर कोड पाठवला आहे.

मे महिना. नंदनवनात दुपारचे तीन.
फोन म्हणाला, मी तापलोय, निवू द्या.
त्याला कूलरपुढे उभा केला
ओल्या वाळ्याच्या वासात, जावयासारखा.
निवल्यावर त्याच्यावरून
माझाच नंबर फिरवला.

उचलला कोणीतरी.

"कोन बोलते?"
रोमेश्वर बिसेन. खापरखेड्याकडे, कोळशाच्या खाणीत.
"असं होय! तुमची ब्यांक मले रोज मेसेज धाडते.
मी म्हटलं, कोनाचं लोन आलं माह्या बोकांडी!"
मग जरा थांबून,
"पन काकू, याच्यात लिहून हाय,
कोनालेही सांगू नका."
मी म्हटलं, "मी कोणीही नाही."
तो हसला. आकडे सांगितले.
तोवर तीन मिनिटं होऊन गेली होती.

तेव्हापासून दुधाच्या हिशेबाशेजारी
कॅलेंडरवर त्याच्या पाळ्या.
खाली उतरला की रेंज नाही,
कोड वरच ताटकळतो
आणि तो वर येईस्तोवर मरून जातो.
म्हणून विजेचं बिल पहिल्या पाळीनंतर,
पेन्शनची पावती साप्ताहिक सुट्टीला.
"चार. लिहिलं? नऊ. लिहिलं?
शून्य, शून्य, दोन डाव शून्य.
पोरीचं फिजिक्स गेलं, काकू. सात."
मी सात लिहिला.
मग म्हटलं, परत बसू दे तिला,
फॉर्म भरला की मला वाचून दाखव,
नावात चूक राहिली तर जन्मभर निस्तरावी लागते.
त्या फॉर्मलाही कोड लागला म्हणे.
तो मात्र त्याच्याच फोनवर आला.

दिवाळीआधी तो सुट्टी टाकून आला.
सक्करदऱ्याच्या शाखेत तीन तास,
दोन अर्ज, चार सह्या,
आणि खिडकीतल्या मुलाचा प्रश्न:
हे तुमचे कोण?
मला पटकन रकान्यात बसणारा शब्द सुचला नाही.
"नंबर," रोमेश्वर म्हणाला.
आवाजावरून वाटला होता त्यापेक्षा ठेंगणा,
नखांच्या कडेला न निघणारं काळं,
हातात पिशवीभर उकडलेले शिंगाडे.

आता कोड थेट मला येतो.
काल विजेचं बिल भरायला बसले.
टुण्ण वाजलं.
आठ, मी मोठ्यानं म्हटलं, आणि थांबले.
एक. थांबले.
लिहिलं?
स्वयंपाकघरात फ्रिज तेवढा घुरघुरत होता.
सहाव्या आकड्याशी पोचेतो वेळ संपली
आणि खाली निळ्या अक्षरांत उमटलं:
पून्हा पाठवा.
नू दीर्घ.
इतके दिवस दिसला कसा नाही?
बिल तसंच ठेवून
मी आधी पेन्सिल शोधायला उठले.